पंचवीस वारांवरची पाटी

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया, किल्ले आणि शिलालेख उभे राहतात. आपल्या बार्शीटाकळीलाही तो मान आहे. इथल्या प्राचीन देवळात शके १०९८ चा शिलालेख आहे आणि तो वाचण्यासाठी विद्वान मंडळी दूरदूरहून येऊन गेली. पण ज्या अक्षरांचा इतिहास मी आज सांगणार आहे, ती दगडावर कोरलेली नाहीत. ती मोटारीच्या पाटीवर रंगवलेली आहेत. शिलालेख जवळ जाऊन, बोट फिरवून वाचता येतो. ही पाटी मात्र लांब उभे राहूनच वाचायची असते. ज्याला ती वाचता येत नाही, त्याला मोटार हाकण्याचा परवाना मिळत नाही, आणि ज्याचे पोट मोटारीवर आहे त्याची भाकरीही त्याच पाटीशी बांधलेली असते.

विषय लहान वाटेल. 'शिकाऊ मोटारचालकाची नजर आणि चष्मा' यावर तासभर काय बोलायचे, असे एका स्नेह्याने मला विचारलेही. मी गेली तीस वर्षे मोटार कामगार आणि हमाल यांच्यामध्ये संघटनेचे काम करतो. त्या अनुभवावरून मी एवढे म्हणेन की, कामगाराच्या आयुष्यातले मोठे प्रश्न बहुधा अशा लहान अटींच्या पोटातच दडलेले असतात. तेव्हा ही अट कुठून आली, कोणासाठी आली आणि आज ती कोणाच्या बाजूने उभी आहे, हे आपण क्रमाने पाहू.

आपल्या वऱ्हाडात मोटार येण्यापूर्वी खासर होते, दमणी होती, रेंगी होती. ती हाकणारा तो धुरकरी. धुरकऱ्याची नजर कोणी तपासली नाही. त्याला परवाना नव्हता, वयाची अट नव्हती, आणि साठी उलटलेला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला म्हाताराही कापसाची गाडी अकोल्याच्या बाजारात घेऊन जात असे. याला कारण आहे. खासराला डोळ्यांच्या तीन जोड्या असतात. एक धुरकऱ्याची आणि दोन बैलांच्या. धुरकऱ्याला डुलकी लागली तरी बैल खड्डा चुकवतो, समोरच्या गाडीला वाट देतो आणि रात्री घरची वाट बिनचूक धरतो. वेगही असा की चूक झाली तरी ती दुरुस्त करायला सवड मिळते.

यंत्र आले आणि ही व्यवस्था मोडली. यंत्राला बळ असते, वेग असतो, पण डोळे नसतात. बैलांच्या डोळ्यांनी जे काम होत होते ते सगळे एका माणसाच्या दोन डोळ्यांवर येऊन पडले. ज्या दिवशी वाहनाचे डोळे गेले, त्या दिवसापासून माणसाच्या डोळ्यांची झडती सुरू झाली. आजच्या विषयाचे मूळ हे आहे.

आता चष्मा. भिंगांची जोडी नाकावर बसवण्याची युक्ती तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघाली. तिचा पहिला उपयोग वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या वयस्क मंडळींना, म्हणजे धर्मगुरूंना आणि व्यापाऱ्यांना झाला. आपल्या भाषेने या गोष्टीची नोंद किती नेमकी केली आहे पाहा. चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. चाळिशीच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अक्षर दिसेनासे होते. वयाचेच नाव वस्तूला मिळाले. पण या नावाने एक घोटाळाही करून ठेवला. चष्मा म्हणजे म्हातारपण, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. वास्तविक मोटारचालकाला जो चष्मा लागतो तो बहुधा चाळिशीचा नसतोच. त्याला लांबचे दिसण्याचा चष्मा लागतो, आणि तो अठरा वर्षांच्या पोरालाही लागू शकतो. या शब्दाच्या घोटाळ्याने किती नुकसान केले ते पुढे येईलच.

नजर मोजण्याचे माप मात्र बरेच उशिरा मिळाले. १८६२ साली हॉलंडमधल्या युट्रेक्ट शहरातील नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता तयार केला. डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेला, वर मोठे अक्षर आणि खाली लहान होत जाणाऱ्या ओळी असलेला तक्ता तो हाच. त्याचा हिशेब सोपा आहे. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखता आले पाहिजे. ते आले तर नजर ६/६. सामान्य माणूस जे अक्षर बारा मीटरवरून ओळखतो त्यासाठी तुम्हाला सहा मीटरवर यावे लागत असेल, तर तुमची नजर ६/१२. या मापामुळे 'दिसते' आणि 'दिसत नाही' यांच्या मधल्या पायऱ्या मोजता येऊ लागल्या. त्यापूर्वी माणूस आंधळा होता किंवा डोळस होता. स्नेलेननंतर तो कमीजास्त डोळस झाला, आणि कमीजास्त डोळस माणसाला काम द्यायचे की नाही, हा प्रश्न मालकाला विचारता येऊ लागला.

तो प्रश्न पहिल्यांदा जोराने विचारला गेला रेल्वेत. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि १८६७ साली आपल्या वऱ्हाडातून जाणारा रस्ता नागपूरला पोचला. कापसाच्या गाठी खासरावरून उतरून वाघिणीत चढल्या. रेल्वेची सगळी भाषा रंगांची. आरंभी पांढरा दिवा म्हणजे रस्ता मोकळा, हिरवा म्हणजे सावधान आणि लाल म्हणजे थांबा. पुढे पांढऱ्या दिव्याचा इतर दिव्यांशी घोटाळा होऊ लागला. लाल काच फुटली तरी दिवा पांढराच दिसे. म्हणून हिरव्याला मोकळ्या रस्त्याचा मान मिळाला. म्हणजे शेकडो माणसांचे प्राण तांबडा आणि हिरवा या दोन रंगांतील फरकावर टांगले गेले.

आणि नेमके हेच दोन रंग काही माणसांना वेगळे ओळखू येत नाहीत. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना स्वतःलाच हा दोष होता आणि त्यांनी १७९४ साली त्यावर व्याख्यान दिले होते. हा दोष बहुधा जन्मजात असतो. तो आईकडून मुलाकडे येतो, पुरुषांत अधिक आणि स्त्रियांत क्वचित आढळतो. ज्याला तो असतो त्याला पुष्कळदा त्याचा पत्ताही नसतो, कारण जन्मापासून त्याने जग तसेच पाहिलेले असते.

१८७५ साली नोव्हेंबर महिन्यात स्वीडनमधील लागरलुंडा या ठिकाणी दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन नऊ माणसे मेली. उप्सालाचे प्राध्यापक फ्रितियोफ होल्मग्रेन यांनी असे प्रतिपादन केले की, या अपघाताच्या मुळाशी रंगांधळेपणा असावा. त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी पुढे टाकून सारख्या रंगाच्या लडी निवडायला लावण्याची परीक्षा काढली, आणि रेल्वे कामगारांची रंगपरीक्षा देशोदेशी सुरू झाली. याच १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपण इथे जमलो आहोत तो त्याच परंपरेचा एक लहानसा झरा आहे. योगायोगापलीकडे या दोन घटनांचा संबंध नाही, पण काळ लक्षात ठेवायला ही खूण बरी पडते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. अलीकडच्या अभ्यासकांनी लागरलुंडाचे कागद पुन्हा तपासले आहेत आणि त्या अपघाताचे कारण रंगांधळेपणा होता, याविषयी गंभीर शंका घेतली आहे. म्हणजे परीक्षा योग्य ठरली, पण जिच्या आधारावर ती आली ती कथा डळमळीत होती. कामगारांच्या चळवळीत वावरणाऱ्याला यात नवल वाटत नाही. अपघात झाला की कामगाराच्या शरीरात दोष शोधणे सर्वांत स्वस्त पडते. गाड्यांचे वेळापत्रक, कामाचे तास, निरोप पोचवण्याची पद्धत हे सगळे तपासायला खर्च येतो. मात्र परीक्षा घेणे चूक होते, असे मी म्हणत नाही. लाल दिवा न ओळखणाऱ्या माणसाच्या हाती आगगाडी देऊ नये, हे उघड आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की, कामगाराच्या डोळ्यांची परीक्षा जन्मली तेव्हाच तिला दोन तोंडे होती. एक प्रवाशाच्या रक्षणाचे आणि दुसरे कामगारावर खापर फोडण्याचे. पुढे १९१७ साली जपानचे शिनोबू इशिहारा यांनी ठिपक्यांत लपवलेल्या अंकांचे तक्ते काढले. ते तक्ते आजही आपल्याकडे वापरात आहेत.

आता मोटारीकडे वळू. हिंदुस्थानात सबंध देशासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ साली झाला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९३९ साली, मोठा आणि तपशीलवार कायदा आला. मधल्या काळात, १९३५ साली, ब्रिटनमध्ये नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली होती. त्याच वळणाचे नियम आपल्या १९३९ च्या कायद्यात उतरले. त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ज्या दोषांमुळे परवाना मिळणार नाही त्यांची यादी होती. अपस्मार, वेड, घेरी आणणारा हृदयविकार, बहिरेपणा, तांबडा-हिरवा न ओळखणे आणि रातांधळेपणा. या यादीतच आपल्या आजच्या विषयाचे कलम होते. चांगल्या उजेडात, पंचवीस वारांवरून, प्रत्येक डोळ्याने, काळ्या पाटीवरची सात पांढरी अक्षरे आणि अंक ओळखता आले पाहिजेत. आणि कंसात तीन-चार शब्द होते: चष्मा असल्यास चष्म्यासह.

हे कंसातले शब्द मला त्या सबंध परिशिष्टातले सर्वांत मोलाचे वाटतात. कायद्याने १९३९ सालीच सांगून ठेवले की, आम्हाला तुमचा उघडा डोळा नको, तुमची दृष्टी हवी. ती भिंगातून आली तरी चालेल. चष्मा हा दोष नव्हे, तो दोषावरचा इलाज आहे. पण कायद्याचे कंस लोकांच्या मनापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. आजही ते सर्वांपर्यंत पोचलेले नाहीत.

या परीक्षेत एक अडचण होती, तीही सांगितली पाहिजे. पाटीवरची अक्षरे इंग्रजी. १९३९ साली मोटारीवर कामाला लागणारी किती मुले इंग्रजी वाचणारी होती? क्लीनर म्हणून लागायचे, गाडी धुवायची, चाक बदलायचे आणि मालकाची मर्जी झाली की चाक हाती घ्यायचे, हीच त्यांची शाळा. अशा माणसाला पंचवीस वारांवरून अक्षर दिसते, पण त्याचे नाव सांगता येत नाही. मग त्याची नजर तपासली की त्याचे शिक्षण? नेत्रवैद्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. वर्तुळाला एका बाजूला खाच ठेवायची आणि खाच कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगायचे. ही युक्ती लांडोल्ट नावाच्या नेत्रवैद्याने १८८८ साली काढली. निरक्षराचा डोळा निरक्षर नसतो, हे त्या खाचेने मान्य केले. आपल्याकडे मालमोटार आणि प्रवासी मोटार चालवणाऱ्याला आठवी उत्तीर्ण असण्याची अट पुढे घातली गेली, ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. शाळेचा दाखला आणि रस्त्यावरचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उशिरा का होईना मान्य झाले.

१९३९ चा कायदा जाऊन १९८८ चा आला आणि १ जुलै १९८९ पासून तो नियमांसह लागू झाला. वारांचे मीटर झाले, पण पाटी कायम राहिली. पंचवीस मीटरवरून, चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास चष्म्यासह मोटारीची पाटी ओळखता आली पाहिजे. याचा थोडा हिशेब करून पाहू. मोटारीच्या पाटीवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच असते. निरोगी, म्हणजे ६/६ नजरेच्या माणसाला पंचवीस मीटरवरून सुमारे ३६ मिलिमीटरचे अक्षर पुरते. म्हणजे पाटीची परीक्षा पूर्ण नजर मागत नाही. ती साधारण ६/११ नजर मागते. ६/९ वाला सहज पार पडेल, ६/१२ वाला काठावर अडेल. परीक्षा कडक नाही, माफक आहे. तीही ज्याला पार पडत नाही, त्याने चष्म्याशिवाय रस्त्यावर येऊ नये, एवढेच तिचे मागणे.

अधू नजरेची किंमत रस्त्यावर कशी मोजली जाते तेही पाहा. अकोल्याहून बार्शीटाकळीवरून महानकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादी पाटी निरोगी डोळ्याला ऐंशी मीटरवरून वाचता येत असेल, तर निम्म्या नजरेच्या माणसाला ती चाळीस मीटरवर आल्याशिवाय वाचता येणार नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. म्हणजे त्याने सव्वादोन सेकंदांहून अधिक वेळ गमावला. एवढ्या वेळात शेळ्यांचा कळप रस्त्यावर येतो आणि शाळेतून सुटलेले पोर सायकल वळवते. खासराच्या वेगात सव्वादोन सेकंद म्हणजे काहीच नव्हे. मोटारीच्या वेगात तेवढ्यात एखाद्याचे आयुष्य संपते.

या पाटीच्या परीक्षेने सगळेच कळते असेही नव्हे. काचबिंदूत समोरची नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते, पण बाजूचे दिसणे हळूहळू मिटत जाते. असा माणूस पाटी फडाफडा वाचेल आणि डावीकडून येणारी सायकल त्याला दिसणार नाही. मोतीबिंदूच्या आरंभी दिवसा बरे दिसते, पण रात्री समोरच्या दिव्याचा झोत डोळ्यांत फुटतो आणि क्षणभर सगळे पांढरे होते. जीवनसत्त्व 'अ' कमी पडले की रातांधळेपणा येतो. तो दिवसाच्या उजेडात घेतलेल्या परीक्षेत कसा सापडणार? म्हणून पाटी ही पहिली पायरी आहे, सबंध जिना नव्हे.

आता आपल्या भागातील मोटार कामगारांकडे येऊ. जुन्या मुंबई राज्यात सरकारी प्रवासी वाहतुकीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. आपले वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भातली सरकारी बससेवा मुंबई राज्याच्या महामंडळात मिळाली. एसटीचा चालक सरकारी नियमांत आला, त्याच्या भरतीला वैद्यकीय तपासणी आली आणि अधूनमधून डोळ्यांची तपासणी आली. रेल्वेत तर हे फार काटेकोर आहे. इंजिन चालवणाऱ्याची तपासणी पंचेचाळीस वर्षे वयापर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी, असा नियम रेल्वेच्या पुस्तकात आहे. शिवाय नजर उतरली म्हणून इंजिनवरून उतरवलेल्या माणसाला दुसरे काम देण्याची तरतूदही त्याच रेल्वेत आहे. परीक्षा आणि पर्याय ही जोडी तिथे एकत्र चालते.

मालमोटारीवरच्या चालकाचे काय? त्याला परवान्याच्या वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. तो किती वेळात आणि डोळ्यांत किती डोकावून मिळतो, हे आपण सर्व जाणतो. पुढे नजर उतरली तर त्याला पर्याय नाही. निवृत्तिवेतन नाही, दुसरी जागा नाही. अशा एका चालकाने मला एकदा आपल्या वऱ्हाडी बोलीत जे ऐकवले ते मी विसरलो नाही. तो म्हणाला, "भाऊ, चष्मा लावला तं मालक म्हणते, हा बुढा झाला, गाडी दुसऱ्याले देतो. नाई लावला तं रात्री समोरचं दिसत नाई. आता तुमीच सांगा, मी पोटाले भिऊ का रस्त्याले भिऊ?" मालक कोण, गाडी कोणाची, हे सांगण्यात अर्थ नाही. असा मालक एकटा नव्हे आणि असा चालकही एकटा नव्हे.

या एका वाक्यात आपल्या विषयाचे सगळे मर्म आहे. जो माणूस खिशात चष्मा ठेवतो आणि नाक्यावर पोलीस दिसला तरच डोळ्यांवर चढवतो, तो मूर्ख नसतो. तो हिशेब करतो. चष्म्याने भाकरी जाण्याची भीती आज, आत्ता असते. अपघाताची भीती पुढे, कधीतरी असते. गरीब माणूस नेहमी आजच्या भीतीला आधी भितो. त्याला नुसते उपदेश करून काय उपयोग? त्याची आजची भीती काढून घेतली पाहिजे.

ती काढून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि त्यांत कामगार संघटनांचा वाटा आहे. अखंड आंध्र प्रदेशातील राज्य परिवहन महामंडळात १७ डिसेंबर १९७९ रोजी व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात एक करार झाला. तपासणीत जो चालक रंगांधळा ठरेल त्याला घरी न पाठवता दुसरे काम द्यावे, असे कलम त्यात होते. १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा आला आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येणार नाही, असे त्याने म्हटले. २०१६ च्या कायद्यात ते तत्त्व कायम राहिले. पण कागदावरचे कलम आपोआप जागे होत नाही. तेलंगणातील एका बसचालकाला रंगांधळेपणाच्या कारणावरून २०१६ साली घरी बसवण्यात आले. तो भांडत राहिला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य ते दुसरे काम देण्याचा आदेश दिला, आणि त्या निकालाला आधार मिळाला तो त्याच १९७९ च्या कराराचा. सेहेचाळीस वर्षांपूर्वी कोणा कार्यकर्त्यांनी टेबलाशी बसून एक कलम घालून घेतले आणि ज्याचे नावही त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते, अशा माणसाच्या उपयोगी ते पडले. संघटनेचे काम असे असते. पेरणारा एक, सुगी दुसऱ्याची.

रंगांधळेपणाविषयीचा नियमही बदलला आहे. २०२० सालच्या जून महिन्यात केंद्र सरकारने परवान्याच्या नमुन्यात दुरुस्ती करून सौम्य आणि मध्यम रंगदोष असलेल्यांना परवान्याचे दार उघडले. रस्त्यावरच्या दिव्यात लाल वर आणि हिरवा खाली असतो. जागेवरूनही तो ओळखता येतो. रेल्वेसाठी केलेली अट मोटारीला जशीच्या तशी लावण्याचे कारण नव्हते. अट कशासाठी आहे हे विसरले गेले की ती नुसता अडसर होते. उलट, अट कशासाठी आहे हे ध्यानात ठेवले तर ती कुठे सैल करायची आणि कुठे घट्ट करायची, हे कळते.

घट्ट करण्याची जागा माझ्या मते शिकाऊ परवान्याची आहे. शिकाऊ परवाना गिअर नसलेल्या लहान दुचाकीसाठी सोळाव्या वर्षी आणि मोटारीसाठी अठराव्या वर्षी मिळतो. तो सहा महिने चालतो. खासगी वाहनाच्या उमेदवाराला डॉक्टरचा दाखला सहसा लागत नाही. तो स्वतःच एका नमुन्यावर लिहून देतो की मला पंचवीस मीटरवरची पाटी दिसते, मला रातांधळेपणा नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात हा परवाना घरबसल्या, संगणकावरून मिळू लागला. खेपा वाचल्या, दलाल वाचला, हे चांगलेच झाले. बार्शीटाकळीच्या माणसाची अकोल्याला एक फेरी म्हणजे एक रोज बुडाला, हे मला ठाऊक आहे. पण या सोयीत एक गोष्ट निसटली. पूर्वी निदान एखादा निरीक्षक समोर उभा राहून 'ती पाटी वाच' म्हणू शकत होता. आता संगणक विचारतो आणि मुलगा 'होय' वर बोट ठेवतो. तो खोटे बोलतो असे नव्हे. लांबचे धूसर दिसणाऱ्या मुलाला ते धूसर आहे हेच ठाऊक नसते. शाळेत फळ्यावरचे दिसत नव्हते तेव्हा तो पुढच्या बाकावर सरकला. रस्त्यावर पुढे सरकायला बाक नसतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो आणि थांबतो.

पहिली गोष्ट घरात करण्यासारखी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. मुलगा किंवा मुलगी शिकाऊ परवान्याचा अर्ज भरण्यापूर्वी दिवसाच्या चांगल्या उजेडात त्यांना रस्त्यावर न्या. उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीपासून बेताची तेहतीस पावले मोजा, म्हणजे पंचवीस मीटर होतात. एक डोळा झाकून पाटी वाचायला सांगा, मग दुसरा झाकून. अडखळले तर रागावू नका. नेत्रवैद्याकडे घेऊन जा. मुलीचा चष्मा लग्नाच्या आड येतो म्हणून तो लपवणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांना माझी विनंती अशी की, स्थळ पुन्हा येते, डोळा आणि जीव पुन्हा येत नाही.

दुसरी गोष्ट मालकांसाठी. मोटार कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाचे आठ तास सांगत होता. तो आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे, आणि ठरावीक वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्य तपासणी मालकाने करावी, ही कल्पनाही त्या संहितेत आहे. त्या तपासणीत डोळे असले पाहिजेत. आणि सोळा तास जागलेल्या डोळ्याला कोणताही चष्मा पुरत नाही, हेही लक्षात असू द्यावे. ज्या मालकाला आपल्या मोटारीची काच रोज पुसून हवी असते, त्याने ती काच ज्या डोळ्यांसाठी आहे त्यांचीही विचारपूस करावी.

तिसरी गोष्ट आम्हा संघटनावाल्यांसाठी. नजर तपासणीला विरोध करणे हे आमचे काम नव्हे. बसमध्ये बसलेला प्रवासीही बहुधा कामगारच असतो. आमचे काम हे की, प्रत्येक तपासणीच्या कलमाला पर्यायी कामाचे कलम जोडून घ्यायचे. ज्याची नजर उतरली त्याला डेपोत, गोदामात, वजनकाट्यावर, कुठेतरी मानाने बसता आले पाहिजे. ते मिळेल याची खात्री पटली की चालक स्वतः होऊन डोळे तपासायला येईल, आणि खिशातला चष्मा नाकावर चढेल.

बैलाचे डोळे आपण यंत्राच्या मोबदल्यात सोडून दिले, ते आता परत येणार नाहीत. त्यांच्या जागी आपण माणसाचे दोन डोळे बसवले आहेत. ते नीट ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा, एकट्या त्या माणसाने की त्याच्या मोटारीत बसणाऱ्या आपण सर्वांनी, हे आपण ठरवायचे आहे. उद्या सकाळी अकोल्याच्या बसमध्ये चढताना चालकाच्या डोळ्यांवर चष्मा दिसला, तर 'म्हातारा आहे' असे म्हणू नका. 'सावध आहे' असे म्हणा आणि निश्चिंत बसा.